एका पोर्टमधून किती पडदे?

१/ ९ मार्च २०१५. सॅन फ्रान्सिस्कोतील एका सभागृहाच्या मंचावर ॲपल कंपनीने नवा मॅकबुक दाखवला. जाडी अवघी १३.१ मिलिमीटर, आत पंखा नाही, आणि हेडफोनची खाच सोडली तर साऱ्या यंत्राला एकच पोर्ट. वीज त्यातूनच आत यायची, पेनड्राइव्ह त्यालाच लावायचा आणि बाहेरचा मॉनिटर जोडायचा झाला तर तोही तिथेच. विनोद झाले, टीका झाली. लोकांनी त्या एका पोर्टकडे बोट दाखवून विचारले, की दोन मॉनिटर लावणाऱ्याने करायचे काय? या प्रश्नाला तेव्हाच चौतीस वर्षांचा इतिहास होता. #थ्रेड

२/ लॅपटॉपला दोन-तीन मॉनिटर का जोडता येत नाहीत, याचे बाजारातले उत्तर ठरलेले असते: पोर्ट कमी आहेत, एखादा हब घ्या. माणूस हब घेतो, दोन केबली लावतो, आणि दोन्ही मॉनिटरांवर एकच चित्र पाहून कपाळाला हात लावतो. पैसे जातात, कोडे तसेच राहते. इतिहास पाहिला, तर अडचण दर काही वर्षांनी जागा बदलताना दिसते. पोर्ट हा वाड्याचा दिंडी दरवाजा आहे. आत एका वेळी किती पाने मांडता येतात, ते दरवाजे मोजून कळत नाही. त्यासाठी मुदपाकखान्यापर्यंत जावे लागते.

३/ आरंभ १२ ऑगस्ट १९८१ पासून करता येतो. त्या दिवशी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्याच्यासाठी दोन वेगवेगळी डिस्प्ले कार्डे मिळत. ‘एमडीए’ हे कार्ड केवळ अक्षरे दाखवी; एकरंगी, पण ठसठशीत आणि डोळ्यांना सुखावह. ‘सीजीए’ कार्ड रंग दाखवी, चित्रे काढी, पण त्याची अक्षरे खडबडीत असत. हिशेबनिसाला पहिले हवे असे, आलेख काढणाऱ्याला दुसरे. आयबीएमच्या अभियंत्यांनी या दोन कार्डांना संगणकाच्या मेमरीत वेगवेगळे पत्ते दिले होते. त्यामुळे दोन्ही कार्डे एकाच यंत्रात बसवली, प्रत्येकाला आपापला मॉनिटर जोडला, तरी त्यांचे भांडण होत नसे.

४/ ही सोय लगेच कामी आली. १९८३ च्या जानेवारीत बाजारात आलेल्या ‘लोटस १-२-३’ या सॉफ्टवेअरमध्ये आकड्यांचा तक्ता एकरंगी पडद्यावर ठेवून त्याचाच आलेख शेजारच्या रंगीत पडद्यावर पाहता येई. प्रोग्रामर मंडळींनी आणखी एक उपयोग केला: एका पडद्यावर चालता प्रोग्राम, दुसऱ्यावर त्याची नाडी धरून बसलेला डीबगर. दोन मॉनिटर ही आजच्या घरून काम करणाऱ्यांची हौस आहे असे कोणी म्हटले, तर त्याला लोटसचे हे उदाहरण सांगावे.

५/ येथे थोडे आडवळण घेण्याजोगे आहे. १९८२ मध्ये ‘हर्क्युलस’ नावाचे एक कार्ड निघाले. त्याचे निर्माते व्हॅन सुवन्नुकुल यांना आपला डॉक्टरेटचा प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता, आणि आयबीएमच्या कार्डांवर ती लिपी नीट उमटत नव्हती. नागरी लिपीचीही तीच अडचण होती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे मोहन तांबे यांच्या पुढाकाराने पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ कार्ड त्यावर निघाले. ते स्लॉटमध्ये बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रामांतही भारतीय लिपी दिसू लागत. संगणक उघडून त्यात आपल्या गरजेचे कार्ड खोचता येणे, हे त्या काळाचे मोठे बळ होते. लॅपटॉप आला आणि नेमके तेच बळ गेले.

६/ स्लॉटच्या बळाचे टोक १९८७ च्या मार्चमध्ये दिसले. ‘मॅकिंटॉश टू’ या यंत्रात ‘नूबस’ पद्धतीचे सहा स्लॉट होते. प्रत्येकात एक व्हिडिओ कार्ड घातले, तर सहा मॉनिटर लावता येत. खरी नवलाई संख्येची नव्हती. आयबीएमच्या यंत्रात दोन पडदे दोन वेगळ्या खोल्यांसारखे होते. येथे सारे पडदे मिळून एकच सलग टेबल झाले. माऊसचा बाण एका मॉनिटरच्या कडेवरून दुसऱ्यावर उतरे, खिडकी अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे राही, आणि कोणता पडदा डावीकडे, कोणता उजवीकडे, हे छोटे चौकोन सरकवून ठरवता येई. आज कोणत्याही संगणकाच्या ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये सरकवायचे जे चौकोन दिसतात, त्यांचे पूर्वज हेच.

७/ त्याच वर्षी २ एप्रिलला आयबीएमने ‘व्हीजीए’ आणले. तीन ओळींत बसवलेल्या पंधरा पिनांचे ते निळे तोंड पुढची पंचवीस वर्षे प्रत्येक कार्यालयात, प्रत्येक प्रोजेक्टरखाली दिसत राहिले. पण अनेक पडद्यांच्या दृष्टीने व्हीजीए हे पाऊल मागेच पडले. व्हीजीए कार्डाचे मेमरीतले पत्ते ठरीव होते, म्हणून एका यंत्रात दोन व्हीजीए कार्डे घातली तर दोघेही त्याच जागेवर हक्क सांगत. १९९२ मध्ये आलेल्या ‘पीसीआय’ने प्रत्येक कार्डाला यंत्र सुरू होताना नवा पत्ता देण्याची सोय केली, त्यावर ‘विंडोज ९८’ने जून १९९८ मध्ये एकाच वेळी नऊ मॉनिटरांपर्यंत पाठबळ दिले. मॅकिंटॉशवर जे ११ वर्षांपूर्वी झाले होते, ते आता सर्वांच्या टेबलावर आले.

८/ म्हणजे टेबलावरच्या, मोठ्या डब्याच्या संगणकांवर. लॅपटॉपला स्लॉट नव्हते. मागे एक व्हीजीए पोर्ट असे आणि कीबोर्डवर एक कळ: ती दाबत गेले की चित्र कधी आतल्या पडद्यावर, कधी बाहेरच्या मॉनिटरवर, तर कधी दोन्हींवर. दोन्हींवर म्हणजे तेच चित्र दोनदा.

९/ असे का, ते समजले की पुढचा सारा इतिहास उलगडतो. मेमरीत तयार झालेले चित्र ओळीओळीने वाचून, सेकंदाला साधारण साठ वेळा, मॉनिटरकडे पाठवत राहणारा एक भाग ग्राफिक्स चिपमध्ये असतो. त्याला डिस्प्ले इंजिन म्हणू. एक इंजिन एका वेळी एकच चित्र वाचते. ते चित्र दोन तारांवर टाकता येते, पण दोन वेगळी चित्रे हवी असतील तर इंजिनेही दोन लागतात. सुरुवातीच्या लॅपटॉपमध्ये इंजिन एकच होते आणि लॅपटॉपचा स्वतःचा पडदा ते आधीच वापरत असे. मागचा पोर्ट दिसायला स्वतंत्र. आत मात्र कोणी मोकळे नव्हते.

१०/ या कोंडीवर १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलने शोधलेला तोडगा आजही मोहात पाडतो. ‘पॉवरबुक ड्यूओ’ हा जेमतेम १.९ किलोंचा लॅपटॉप. वजन कमी करण्यासाठी त्यावरचे बहुतेक पोर्ट काढून टाकले होते. मॉनिटरसाठी पोर्ट नव्हताच. मागे एका झडपेआड १५२ पिनांचा एक जोड होता. टेबलावर ‘ड्यूओ डॉक’ नावाची पेटी असे. लॅपटॉप मिटून तिच्या फटीत सरकवला, की मोटर लागून ती पेटी त्याला व्हिडिओ कॅसेटसारखी आत ओढून घेई. पेटीत फ्लॉपी ड्राइव्ह होता, मॉनिटरचा पोर्ट होता, आणि दोन नूबस स्लॉटही होते. गेलेले स्लॉट परत मिळाले होते, फक्त ते घरी ठेवून बाहेर पडता येत होते. २०१५ च्या एकपोर्टी मॅकबुकवर हसणाऱ्यांना ठाऊक नसावे, की त्याच कंपनीने २३ वर्षांपूर्वी हाच खेळ अधिक दिमाखाने मांडला होता.

११/ पुढे जवळजवळ प्रत्येक कंपनीने आपापले डॉक काढले. प्रत्येकाचा जोड निराळा. एका कंपनीच्या डॉकवर दुसरीचा लॅपटॉप बसत नसे, आणि पुष्कळदा त्याच कंपनीचा पुढच्या पिढीतला लॅपटॉपही नाही. पेशवाईत ठिकठिकाणी निराळी नाणी चालत आणि बट्टा सराफ घेई, त्याची आठवण व्हावी. डॉकच्या या कैदेतून सुटायचे, तर लॅपटॉपच्या आतच दुसरे इंजिन हवे होते. शतक बदलताना ग्राफिक्स चिपांत ते येऊ लागले, आणि २००१ च्या ‘विंडोज एक्सपी’ने ‘ड्युअलव्ह्यू’ या नावाने लॅपटॉपचा पडदा आणि बाहेरचा मॉनिटर यांना दोन वेगळी चित्रे देण्याची सोय केली. एक बाहेरचा मॉनिटर झाला. आता लोकांना दोन हवे होते.

१२/ येथे कॅनडातील ‘मॅट्रॉक्स’ या कंपनीने चक्क एक फसवणूक विकायला काढली, आणि ती उत्तम होती. १९९४ पासून मॉनिटर आपली ओळख स्वतः सांगू लागले होते: ‘ईडीआयडी’ नावाची १२८ बाइटांची एक छोटी नोंद मॉनिटरमध्ये असते आणि संगणक ती वाचून रेझोल्यूशन ठरवतो. मॅट्रॉक्सने २००५ मध्ये काढलेली ‘ड्युअलहेड-टू-गो’ ही डबी लॅपटॉपला सांगे, की मी २५६० × १०२४ आकाराचा एक लांबलचक मॉनिटर आहे. लॅपटॉप विश्वास ठेवी आणि तेवढे चित्र पाठवी. डबी ते मधोमध कापून १२८० × १०२४ च्या दोन मॉनिटरांना वाटून देई. इंजिन एक, पोर्ट एक, पडदे दोन. पुढे तिची तीन मॉनिटरांची बहीणही आली.

१३/ फसवणुकीची किंमत मात्र रोज मोजावी लागे. विंडोजला वाटे, पडदा एकच आहे. म्हणून ‘फाइल जतन करायची का?’ असे विचारणारी चौकट बरोबर मध्यभागी उमटे, म्हणजे अर्धी डाव्या मॉनिटरवर आणि अर्धी उजव्या. मध्ये दोन्हींच्या काळ्या कडा. कंपनीने त्यावर वेगळे सॉफ्टवेअर दिले, तरी मूळ खोटे ते खोटेच.

१४/ दुसरी वाट अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आली. लॅपटॉपवर मॉनिटरचे पोर्ट कमी असतील, पण यूएसबी तर दोन-चार असतातच. १९९६ मध्ये यूएसबी ठरले, तेव्हा त्यामागच्या इंटेलच्या चमूत अजय भट्ट हे प्रमुख होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे ते विद्यार्थी, म्हणजे गायकवाडांच्या नगरीतले. त्यांच्यापुढे प्रश्न कीबोर्ड, माऊस, प्रिंटर यांचा होता. यूएसबीतून मॉनिटर चालवायचा म्हटले की गणित आडवे येते. १२८० × १०२४ बिंदू, प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला ६० वेळा: हे सुमारे १.८९ गिगाबिट झाले. २००० साली आलेले यूएसबी २.० कागदावरच सेकंदाला ०.४८ गिगाबिट वाहून नेते. चौपट पाणी आणि एकच नळी.

१५/ हे गणित सोडवणाऱ्यांची कुळी पाहण्यासारखी आहे. १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतील संशोधकांना जिने चढून गेल्यावर कॉफीचे भांडे रिकामे सापडे. म्हणून त्या भांड्यावर कॅमेरा लावला गेला आणि भांड्याचे चित्र प्रत्येकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात दिसू लागले. पुढे ते वेबवर गेले आणि जगातला पहिला वेबकॅम म्हणून प्रसिद्ध झाले. ते चित्र पडद्यावर आणणारा प्रोग्राम क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी लिहिला होता. नंतर त्याच गावातील एका प्रयोगशाळेत ते ‘व्हीएनसी’च्या कामात होते: एका संगणकाचा पडदा नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावर दाखवणारी पद्धत. सारे चित्र पुन्हा पुन्हा पाठवायचे नाही, जेवढे बदलले तेवढेच पाठवायचे, हे त्या कामाचे मर्म.

१६/ ती प्रयोगशाळा २००२ मध्ये बंद झाली. पुढच्या वर्षी स्टॅफर्ड-फ्रेझर हे ‘न्यूनहॅम रिसर्च’ या नव्या कंपनीच्या संस्थापकांत होते. त्याच सुमारास त्यांनी ‘न्दियो’ नावाचा एक ना-नफा प्रकल्पही चालवला. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ ‘होय’. कल्पना अशी, की गरीब देशांत प्रत्येकाला संगणक घेणे परवडत नाही, तर एका संगणकाला अनेक पडदे आणि कीबोर्ड जोडून अनेकांनी तो वापरावा. पडद्यामागे बसवायची स्वस्त, चिमुकली पेटी या तंत्रावर बनली होती. इतिहासाने तिचे पुढे काय केले, ते थोडे खिन्न करणारे आहे. २००६ मध्ये कंपनीचे नाव ‘डिस्प्लेलिंक’ झाले; अनेक माणसांना एक संगणक देण्यासाठी घडवलेले तंत्र एका माणसाला अनेक पडदे देण्यासाठी विकले जाऊ लागले.

१७/ डिस्प्लेलिंकची रीत अशी. लॅपटॉपमध्ये एक ड्रायव्हर बसवायचा. तो ऑपरेटिंग सिस्टीमला सांगतो, की येथे आणखी एक ग्राफिक्स कार्ड आहे. ते कार्ड प्रत्यक्षात नसते. चित्र मेमरीत तयार होते, प्रोसेसर त्यातला बदललेला भाग दाबून लहान करतो, यूएसबीवरून साध्या माहितीसारखा पाठवतो, आणि डॉकमधील चिप तो उलगडून मॉनिटरला देते. लॅपटॉपचे डिस्प्ले इंजिन यात खर्च होतच नाही, म्हणून इंजिनांची मर्यादाही लागू पडत नाही. मोबदल्यात प्रोसेसरला राबावे लागते, वेगवान खेळ अडखळतात, आणि सारा डोलारा ड्रायव्हरवर उभा राहतो. २०१८ च्या वसंतात मॅकच्या १०.१३.४ या अद्ययावत आवृत्तीने तो आधार काढून घेतला, तेव्हा अनेकांच्या टेबलावरचे दुसरे-तिसरे मॉनिटर एका रात्रीत काळे झाले होते.

१८/ तिसरी वाट समितीच्या खोलीत आखली गेली. मॉनिटरांची मानके ठरवणाऱ्या ‘व्हेसा’ या संस्थेने २००६ मध्ये ‘डिस्प्लेपोर्ट’ आणले. व्हीजीए, डीव्हीआय आणि टीव्हीच्या जगातून आलेले एचडीएमआय या सर्वांत एका तारेतून एकाच चित्राचा अखंड प्रवाह जाई. डिस्प्लेपोर्टने चित्राचे छोटे गठ्ठे केले, टपालासारखे. गठ्ठे झाले की त्यांवर निरनिराळे पत्ते घालता येतात. डिस्प्लेपोर्ट १.२ या आवृत्तीत, २०१० च्या आरंभी, नेमके ते झाले: ‘एमएसटी’ नावाच्या पद्धतीने एका तारेतून अनेक मॉनिटरांची स्वतंत्र चित्रे पाठवता येऊ लागली. तारेवरचा वेळ ६४ कप्प्यांत वाटलेला, एक कप्पा पत्रव्यवहारासाठी, उरलेले ६३ चित्रांसाठी. मॉनिटरमागे मॉनिटर अशी माळही ओवता येते.

१९/ कागदावर ६३, व्यवहारात दोन किंवा तीन. एक कारण तारेची क्षमता: डिस्प्लेपोर्ट १.२ मधून सेकंदाला १७.२८ गिगाबिट चित्र जाते, आणि साठ वेळा ताजे होणाऱ्या एकाच ‘फोर-के’ मॉनिटरला सुमारे १२ गिगाबिट लागतात. दुसरे कारण पुन्हा तेच, इंजिन. इंटेलच्या २०११ मधील ‘सँडी ब्रिज’ प्रोसेसरांतील ग्राफिक्सला एका वेळी दोनच पडदे चालवता येत. त्या वर्षीच्या कित्येक लॅपटॉपांवर व्हीजीए आणि एचडीएमआय असे दोन्ही पोर्ट होते. दोन्हींत मॉनिटर लावले की लॅपटॉपचा स्वतःचा पडदा मिटवावा लागे. पुढच्या वर्षीच्या ‘आयव्ही ब्रिज’ने ही संख्या तीन केली. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही लॅपटॉप सारखेच दिसत.

२०/ २०११ च्या फेब्रुवारीत इंटेल आणि ॲपल यांचे ‘थंडरबोल्ट’ आले. मूळ बेत प्रकाशतंतूंचा होता. बाजारात आले ते तांब्याच्या तारेवर. एकाच जोडातून डिस्प्लेपोर्टचे चित्र आणि इतर माहिती बरोबरीने जाऊ लागली, आणि सहा उपकरणांची माळ करता येऊ लागली. महाग होते, म्हणून बराच काळ ते ॲपलच्या अंगणातच राहिले. २०१५ मध्ये ‘थंडरबोल्ट ३’ने स्वतःचे तोंड सोडून यूएसबी-सीचे घेतले आणि वेग ४० गिगाबिटांवर नेला. फोर-केचे दोन मॉनिटर, साठच्या गतीने, एका केबलवर.

२१/ यूएसबी-सीचे तोंड २०१४ च्या ऑगस्टमध्ये ठरले होते: २४ पिना, कशीही उलटी-सुलटी लावा. पुढच्याच महिन्यात व्हेसाने तिच्यातून डिस्प्लेपोर्ट नेण्याची रीतही जाहीर केली. या तोंडात वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. चारही चित्राला दिल्या, तर यूएसबीला जुना २.० चा वेग उरतो. म्हणून बहुतेक स्वस्त हब तडजोड करतात: दोन जोड्या चित्राला, दोन यूएसबीला. जुन्या वेगाच्या दोन जोड्यांतून ८.६४ गिगाबिट जातात. फोर-केला साठच्या गतीने १२ लागतात, तीसच्या गतीने ६. हबच्या खोक्यावर बारीक अक्षरांत ‘फोर-के, ३० हर्ट्झ’ का छापलेले असते आणि त्यावर माऊसचा बाण का रखडतो, याचे उत्तर या साध्या भागाकारात आहे.

२२/ एकाच आकाराचे तोंड सर्वांना मिळाले, त्याबरोबर एक नवा घोटाळाही आला. पूर्वी व्हीजीएच्या तोंडातून चित्रच येई. संशयाला जागा नव्हती. यूएसबी-सीच्या तोंडातून चित्र येईल किंवा येणारही नाही. शेजारी विजेचे चिन्ह कोरले असेल तर थंडरबोल्ट, इंग्रजी ‘डी’ आणि ‘पी’ एकमेकांत गुंफलेले असतील तर डिस्प्लेपोर्ट, आणि काहीच कोरले नसेल तर लॅपटॉपच्या माहितीपत्रकाला शरण जावे. शिलालेख वाचण्याची सवय असलेल्याला हे जड जाऊ नये. तरी एक खाच उरतेच: विंडोजवर एमएसटी हब दोन मॉनिटरांना दोन चित्रे देतो, पण मॅकओएसने ही पद्धत अशा वापरासाठी स्वीकारलेली नाही. तोच हब मॅकला लावला, की दोन्हींवर एकच चित्र. दुकानदार खोटे बोललेला नसतो.

२३/ आणि मग २०२० उजाडले. जगभरची कार्यालये घरात आली, जेवणाच्या टेबलांवर मॉनिटर चढले. त्याच नोव्हेंबरमध्ये ॲपलने स्वतःच्या ‘एम-वन’ चिपवरचे लॅपटॉप आणले. वेग थक्क करणारा, बॅटरी दिवसभराची, दोन थंडरबोल्ट पोर्ट. आणि बाहेरचा मॉनिटर फक्त एक. आधीच्या इंटेलवाल्या मॅकबुकला जे जमत होते, ते या नव्या, अधिक बलवान यंत्राला जमेना. दुसऱ्या पोर्टमध्ये मॉनिटर लावला तर तो काळाच राही.

२४/ कारण त्याच दिवशी जाहीर झालेल्या ‘मॅक मिनी’त दिसत होते. चिप तीच, एम-वन. तिला मात्र दोन मॉनिटर लागत: एक थंडरबोल्टवर, एक एचडीएमआयवर. मॅक मिनीला स्वतःचा पडदा नाही. म्हणजे चिपमध्ये इंजिने दोन. लॅपटॉपमध्ये त्यांतले एक घरच्या पडद्याने कायमचे व्यापलेले. फोन आणि टॅब्लेटसाठी घडवलेल्या चिपांच्या घराण्यातून ती आली होती, आणि त्या घराण्यात याहून अधिक पडद्यांची गरज कधी पडली नव्हती. पुढच्या वर्षीच्या ‘एम-वन प्रो’ला बाहेरचे दोन मॉनिटर चालू लागले, ‘एम-वन मॅक्स’ला चार, पण ती यंत्रे महाग. साध्या मॅकबुक एअरवाल्यासाठी उरली ती केंब्रिजची जुनी वाट. नेमक्या त्याच वर्षी ‘सिनॅप्टिक्स’ या कंपनीने डिस्प्लेलिंक ३०.५ कोटी डॉलरांना विकत घेतली होती.

२५/ मार्च २०२४ मध्ये ‘एम-थ्री’ चिपचा मॅकबुक एअर आला. त्याला बाहेरचे दोन मॉनिटर लागतात, अट एकच: लॅपटॉपचे झाकण मिटलेले हवे. घरचा पडदा झोपला, की त्याचे इंजिन पाहुण्याला मिळते. सँडी ब्रिजच्या काळी हेच होई. ड्यूओ डॉकही लॅपटॉप मिटूनच पोटात घेत असे. मार्च २०२५ मधील ‘एम-फोर’च्या एअरने ती अट काढली, झाकण उघडे ठेवूनही बाहेरचे दोन मॉनिटर उजळू लागले. थंडरबोल्टचे पोर्ट २०२० च्या एअरला दोन होते. या एअरलाही दोनच आहेत.